फुकट मिळणाऱ्या वस्तूची वर्गणी



जी वस्तू आजन्म फुकट वापरता येते, तिच्यासाठी माणूस पैसे का मोजील? रूढ अर्थशास्त्राचे उत्तर ठरलेले आहे : मोजणार नाही. संगणकाची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, एकदा लिहून झाली की तिची पुढची प्रत काढण्याचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य असतो. आणि स्पर्धेत किंमत सीमान्त खर्चाकडे झुकते. मग ती लिहिणाऱ्याने जगावे कशावर, याचे उत्तर त्या सिद्धान्तात सापडत नाही.

१९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स यांनी हौशी संगणकधारकांना एक उघडे पत्र लिहिले. यंत्राचे पैसे देता आणि आज्ञावली मात्र चोरता, हा त्याचा आशय. राग समजण्यासारखा होता. पुढे त्याच विचारावर परवान्यांची आणि मक्तेदारीची इमारत उभी राहिली.

परंतु १९८२ मध्ये अमेरिकेतच दोघांनी निराळी वाट धरली. अँड्र्यू फ्लूगलमन यांनी दूरध्वनीच्या तारेवरून संगणक जोडणारी ‘पीसी-टॉक’ लिहिली. आयबीएममध्ये नोकरीस असलेल्या जिम नॉफ यांनी माहितीची नोंद ठेवणारी ‘पीसी-फाइल’ लिहिली. प्रती काढा, मित्रांना वाटा, उपयोगी वाटल्यास पैसे पाठवा, एवढेच दोघांचे सांगणे. फ्लूगलमन २५ डॉलर मागत, नॉफ प्रारंभी १०. (साप्ताहिक एकाने घ्यावे आणि दहांनी वाचावे, तशातलाच हा प्रकार, वर्गणीची आठवण संपादकांना करावी लागतेच!) कुलूप नाही, पहारेकरी नाही, तरी पैसे येत राहिले, इतके की १९८४ मध्ये नॉफ यांनी नोकरी सोडली.

यावरून माणूस स्वभावतः उदार आहे, असा भाबडा निष्कर्ष काढू नये. १९९५ मध्ये आलेल्या ‘विनरार’ची चाचणी-मुदत ४० दिवसांची, ती संपल्यावर पैसे भरण्याची सूचना पडद्यावर झळकते, आणि काम पूर्वीप्रमाणेच चालू राहते. असंख्य लोक ती सूचना बंद करून पुढे जातात, हा जगभर विनोदाचा विषय झाला आहे. परवाना विकत घेतात त्या मुख्यतः कंपन्या, कारण त्यांना हिशेबतपासणीला तोंड द्यायचे असते.

येथे दोष कोणाला द्यावयाचा? ज्या विद्यार्थ्याजवळ पैसे नाहीत, त्याने फुकट वापरल्याने कोणाच्या वाट्याचे काही कमी होत नाही. त्याला अडविणे हाच अपव्यय होय. खरा प्रश्न धनवंत फुकट्यांचा आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला, तेव्हा जगाला कळले की, इंटरनेटवरील गुप्त व्यवहारांचा फार मोठा भाग ज्या ‘ओपनएसएसएल’वर विसंबून होता, तिला देणग्या मिळत होत्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर! पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच. तिच्या आधारावर अब्जावधींचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांना तिच्या देखभालीची आठवण झाली ती घर पेटल्यावर. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनमार्फत त्यांनी निधी उभारला. तो स्वागतार्हच, पण भीतीतून दिलेली देणगी भीती ओसरली की आटते.

जर्मनीने २०२२ मध्ये अशा सामाईक आज्ञावल्यांच्या देखभालीसाठी सरकारी तिजोरीतून निधी सुरू केला. कर भरणारा जर्मन कामगार, नकळत का होईना, त्या वर्गणीत सामील झाला आहे.