गळतीची वर्दी शेवटच्या माणसापर्यंत

(न्यासाच्या वार्षिक सभेत देखभाल समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत देखभाल समितीला बोलण्याचा मान क्वचितच मिळतो. नव्या कक्षाची फीत कापली जाते, शस्त्रक्रियांचे आकडे वाचले जातात. भिंतीतून गेलेल्या नळ्यांची आणि तारांची आठवण मात्र काही बिघडले म्हणजेच होते. यंदा विश्वस्त मंडळाने आम्हाला वेळ दिला, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. विषय एकच आहे. डायलिसिस विभागाच्या जलशुद्धीकरण कक्षात गळतीची सूचना देणारी यंत्रणा बसवण्यात आली आहे. तिच्यातून बाहेर पडणारे संकेत कसे जोडले व कसे तपासले, आणि त्यातून पुढे काय ठरवणे आवश्यक आहे, ते आपल्यासमोर मांडावयाचे आहे.

नागभीड, तळोधी, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या परिसरातील ज्या रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, त्यांचे जीवित आठवड्यातून दोन-तीन वेळा होणाऱ्या या उपचारावर अवलंबून असते. चार तासांच्या एका उपचारात यंत्राला मिनिटाला 500 मिलिलिटर या हिशेबाने सुमारे 120 लिटर शुद्ध द्राव लागतो. ते पाणी ज्या कक्षात तयार होते तेथे टाक्या, गाळण्या, मोटारी आणि विजेची पेटी एकमेकांच्या शेजारी असतात. रात्री एखादा सांधा सैल झाला आणि पाणी पसरले, तर सकाळी आलेल्या रुग्णाला उपचाराविना परतावे लागेल. नागपूर किंवा चंद्रपूर गाठणे ही आपल्या भागातील रुग्णासाठी सोपी गोष्ट नाही, आणि उपचार चुकलेला एकेक दिवस त्याच्या शरीरात पाणी व विषारी द्रव्ये साठवीत असतो.

ही यंत्रणा दिसावयास साधी आहे. जमिनीलगत एक विशेष तार पसरलेली असते. तिच्यातील दोन वाहकांमध्ये ओलावा आला की त्यातून अत्यल्प वीज वाहू लागते आणि भिंतीवरील नियंत्रक पेटीला गळती समजते. येथपर्यंतचे काम झाले ओळखण्याचे. परंतु पेटीला समजले म्हणजे माणसाला समजले असे होत नाही. आपला मुलूख धानाचा आणि तलावांचा आहे. घोडाझरीसारखा मोठा जलाशय तालुक्यात आहे, गावोगावी मालगुजारी तलाव आहेत. पावसाळ्याच्या रात्री तलावाच्या पाळीला झिरप लागलेली कोणी पाहिली आणि तो तेथेच उभा राहिला, तर खालच्या वस्तीला त्याच्या पाहण्याचा काय उपयोग? कोतवालाची दवंडी घरोघरी पोहोचली तरच माणसे उठतात. नियंत्रक पेटीतून बाहेर पडणारे संकेत म्हणजे ही दवंडी होय.

आपल्या यंत्रणेतून तीन संकेत बाहेर पडतात. पहिला डायलिसिस विभागातील परिचारिकेच्या मेजावरील घंटेकडे जातो, दुसरा रात्रपाळीच्या पहारेकऱ्याच्या खोलीतील पेटीकडे, आणि तिसरा पाणी आत घेणाऱ्या नळावरील विजेच्या झडपेकडे. हे संकेत रिले नावाच्या लहानशा विजेच्या कळीमार्फत दिले जातात. रिलेला तीन टोके असतात: कॉमन, नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज्ड. यातील ‘नॉर्मली’ या शब्दाने पुष्कळदा फसगत होते. ऐकणाऱ्यास वाटते की, सर्व काही ठीक असतानाची ही स्थिती असावी. प्रत्यक्षात रिलेला वीज मिळत नसतानाची ती स्थिती असते.

आमच्या आग्रहावरून यंत्रणेची रचना अशी ठेवली आहे की, सर्व ठीक असताना रिलेला सतत वीज मिळत राहावी. गळती झाली, वीज गेली किंवा पेटीच बंद पडली, तर ती वीज तुटून संकेत उमटावा. नागभीड हे जंक्शनचे गाव असल्याने हे तत्त्व येथे वेगळे समजावण्याची गरज नाही. रेल्वेच्या जुन्या हाताच्या सिग्नलमध्ये तार ओढून धरली तरच गाडीला मार्ग मिळे. तार तुटली तर तो हात वजनाच्या जोरावर आपोआप ‘थांबा’ या स्थितीत येई. बिघाड झाला तर तो सुरक्षिततेच्या बाजूने व्हावा, हा त्यामागील विचार आहे.

आता चाचणीविषयी. प्रथम सर्व विभागांना पूर्वसूचना दिली आणि ज्या वेळी एकही रुग्ण यंत्रावर नव्हता ती वेळ निवडली. संकेत जेथे पोहोचावयाचा त्या प्रत्येक ठिकाणी एकेक माणूस घड्याळ घेऊन उभा केला. मग साध्या नळाच्या पाण्यात भिजवलेले फडके तारेवर ठेवले. येथे साधे पाणी मुद्दाम घ्यावे लागते, कारण शुद्धीकरण यंत्रातून आलेल्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने त्यातून वीज फारच कमी वाहते. शुद्ध पाण्याची गळती जमिनीवरील धूळ व क्षार मिसळल्यावरच नीट ओळखली जाते, म्हणून या कक्षात तारेच्या जोडीने माणसाची फेरीही ठेवावी लागते.

फडक्याच्या चाचणीत तिन्ही ठिकाणे उत्तीर्ण झाली. घंटा वाजली, पहारेकऱ्याच्या पेटीवर दिवा लागला, झडप बंद झाली. यंत्रणा बसवणाऱ्या मंडळींच्या मते काम येथे पूर्ण झाले होते आणि प्रमाणपत्रावर सही होण्यास हरकत नव्हती. आम्ही दुसरी चाचणी घेतली. प्रत्येक संकेताची एक तार पाळीपाळीने सोडवली. घंटेची तार सोडवताच मेजावरील बिघाडाचा दिवा लागला. झडपेची तार सोडवताच झडप स्प्रिंगच्या जोराने बंद झाली. पहारेकऱ्याच्या खोलीतील पेटी मात्र शांत राहिली. तेथील तार रिलेच्या दुसऱ्या टोकाला जोडलेली होती. गळती झाल्यावर तेथे संकेत मिळाला असता, पण उंदराने तार कुरतडली असती तर ती तुटल्याचे कोणालाही कळले नसते, आणि त्यानंतरच्या पहिल्याच गळतीला रात्रभर वाचा फुटली नसती. जोडणी बदलून घेतली, तिन्ही तारा पुन्हा सोडवून पाहिल्या, आणि मगच सही केली.

यानंतर मुख्य वीज बंद करून बॅटरीवर यंत्रणा चालते काय हे पाहिले. शेवटी तार पुसून कोरडी केली आणि संकेत आपोआप मिटतो काय, तेही तपासले. तो मिटू नये अशीच योजना आहे. कोणी येऊन, पाहून, हाताने कळ दाबल्याखेरीज घंटेची नोंद पुसली जात नाही. अन्यथा थोडा वेळ ओल येऊन वाळली तर झालेली गळती कोणाच्या लक्षातच राहणार नाही.

एक प्रश्न समितीत बराच काळ चर्चिला गेला. गळती होताच पाणी आपोआप बंद व्हावे काय? रात्री, कक्ष रिकामा असताना, याचे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे. परंतु रुग्ण यंत्रावर असताना फरशीवरील एका ओल्या फडक्यामुळे पाणी तुटले तर सर्वांचाच उपचार खोळंबेल. म्हणून उपचाराच्या वेळी केवळ घंटा वाजेल व निर्णय तंत्रज्ञ घेईल. उपचार संपल्यावर किल्लीने स्थिती बदलली जाईल आणि मग झडप आपोआप काम करील. ही किल्ली फिरवल्याची नोंद रोज वहीत व्हावयाची आहे.

प्राणवायूच्या टाकीसाठी ही ओलाव्याची तार उपयोगी नाही. द्रवरूप प्राणवायू उणे 183 अंश सेल्सिअसला उकळतो. बाहेर पडताच त्याचे पांढरे धुके होते आणि एका लिटर द्रवापासून सुमारे 860 लिटर वायू तयार होतो. तेथे टाकीची पातळी आणि नळीतील दाब यांवरच लक्ष ठेवावे लागते. या मापकांचा संकेत सामान्यतः 4 ते 20 मिलिअँपिअर विजेच्या रूपाने येतो. टाकी पूर्ण रिकामी असली तरी 4 मिलिअँपिअर वीज यावीच लागते. शून्य आले तर टाकीविषयी काही समजले असे मानू नये. वर्दी आणणारी तारच तुटली, असा त्याचा अर्थ होतो.

दिनांक 21 एप्रिल 2021 रोजी नाशिक महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली, पुरवठा खंडित झाला आणि किमान 22 रुग्ण प्राणास मुकले. त्या घटनेचा न्याय करणे हा आमचा अधिकार नव्हे. परंतु आवारात पसरलेले ते पांढरे धुके साऱ्या देशाने चित्रांत पाहिले आहे. गळती डोळ्यांना दिसत होती. आमच्यापुरता आम्ही त्यातून एवढाच बोध घेतला की, वर्दी मिळाल्यावर पुढच्या मिनिटाला कोणी कोणता सिलिंडर उघडावयाचा, हे आधी ठरलेले व सरावातले असले पाहिजे. म्हणून प्राणवायूच्या दाबाची घंटा तपासताना राखीव सिलिंडरांवर पुरवठा वळवून पाहणे, हा त्याच चाचणीचा भाग आम्ही मानतो.

दुसरे उदाहरण भोपाळचे. तेथील कारखान्यात एक भोंगा आतील कामगारांसाठी आणि एक बाहेरील वस्तीसाठी होता. 1982 मध्ये हे दोन्ही भोंगे एकमेकांपासून अलग करण्यात आले. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री विषारी वायू सुटला, तेव्हा वस्तीकडील भोंगा थोडा वेळ वाजून बंद केला गेला. आतला चालू राहिला. किरकोळ गळतीने लोक घाबरू नयेत, हा अलग करण्यामागचा हेतू होता. घंटेचा त्रास होतो म्हणून तिची तार काढून ठेवण्याचा मोह रुग्णालयातही होतो. तेव्हा आमची विनंती आहे की, कोणताही संकेत देखभाल समितीच्या लेखी नोंदीखेरीज बंद केला जाऊ नये.

रुग्णांच्या आप्तजनांशी थोडे बोलावयाचे आहे. डायलिसिसच्या यंत्रात रक्त आणि द्राव यांच्यामध्ये अतिशय पातळ पडदा असतो. तो फाटून रक्त द्रावात गेले, तर बाहेर जाणाऱ्या नळीवरील प्रकाशकिरण अडतो. यंत्र रक्ताचा पंप थांबवते, रुग्णाकडे परत जाणारी नळी चिमट्याने बंद करते आणि घंटा वाजवते. उपचारापूर्वीच्या स्वयंचाचणीत यंत्र हा शोधक तपासून घेते. परंतु हातातील सुई निसटली, तर दाबातील फरक कधी कधी इतका थोडा असतो की यंत्राला तो कळत नाही. रक्ताचा प्रवाह मिनिटाला 250 ते 300 मिलिलिटर असतो. चार-पाच मिनिटांत लिटरभर रक्त जाऊ शकते. म्हणून थंडी वाजत असली तरी सुईचा हात चादरीखाली झाकू देऊ नये. अंगावर पांघरूण घालावे, हात मात्र उघडा व दिसता ठेवावा. चादर ओली लागली तर क्षणाचाही विलंब न करता परिचारिकेला हाक मारावी. त्या वेळी आपणच त्या रुग्णाची गळतीसूचक यंत्रणा असता.

देणगीदारांना आमचे निवेदन असे. यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते आणि ते योग्यच आहे. दर महिन्याला होणाऱ्या चाचणीवर मात्र कोणाचे नाव लागत नाही. तिला लागतात दोन माणसांचे काही तास, बॅटरी वेळेवर बदलण्याचा खर्च, एक वही आणि तिच्यात खरे लिहिण्याची शिस्त. यंत्रासाठी देणगी मिळते आणि देखभालीसाठी मिळत नाही, असा अनुभव धर्मादाय संस्थांना नवीन नाही. यापुढे प्रत्येक नव्या यंत्राच्या देणगीतील काही वाटा त्याच्या चाचणीसाठी राखून ठेवावा, असा ठराव विश्वस्त मंडळापुढे आम्ही ठेवीत आहोत. आपण त्यास अनुकूलता दर्शवावी.

चाचणीची वही डायलिसिस विभागाच्या दाराशी ठेवली आहे. कोणत्या दिवशी कोणती तार सोडवली, संकेत कोठे व किती वेळात पोहोचला आणि सही कोणाची, हे तिच्यात कोणीही वाचू शकेल. आपण ती अवश्य पाहावी आणि एखाद्या महिन्याचे पान कोरे दिसले तर आम्हाला जाब विचारावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.