वावटळीनं शिकवलेला धडा



अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात लबक नावाचं शहर आहे. भोवताली सपाट, कोरडा मुलूख; पिकं कापूस आणि ज्वारी. म्हणजे आपले भाऊबंदच. ११ मे १९७० च्या रात्री या शहरावर टोर्नेडो आला. आपली वावटळ पाचोळा उचलते. यानं घरं उचलली. २६ माणसं गेली, शेकडो जखमी झाली. वीस मजली इमारत पिळवटली, पण उभी राहिली. मेक्सिकन कष्टकऱ्यांच्या ग्वादालुपे वस्तीची मात्र धूळधाण झाली.

मग तिथल्याच टेक्सास टेक विद्यापीठातले इंजिनिअर पडकी घरं तपासत फिरले. तोवर समज असा, की वादळात घर आतल्या हवेच्या दाबानं फुटतं. त्यांना दिसलं वेगळंच. वारा छप्पर उचलतो, छपराचा आधार सुटला की भिंती कोसळतात, आणि उडालेल्या वस्तू माणसांना मारतात. घर मोडलं तरी मधली लहान खोली पुष्कळ ठिकाणी शाबूत होती. त्यातूनच पुढं आसऱ्याच्या मजबूत खोलीची कल्पना निघाली.

आता आपल्याकडं पाहू. वळवाच्या वाऱ्यात उडू नये म्हणून आपण पत्र्यावर धोंडे ठेवतो. पत्रा उडाला की तोच धोंडा निजलेल्या लेकरावर पडतो. पंचनामा त्यानंतरचा. म्हणून मृगाआधी आपण एवढं करू : पत्रा वाशाला हुकानं आवळू, वासा भिंतीला लोखंडी पट्टीनं जखडू.

वादळ सांगून येत नाही. पण आपला पत्रा कशाच्या आधारानं टिकलाय, ते घरी गेल्यावर शिडी लावून पाहता येतं. आजच पाहा.