शिकागोचे चार पाकळ्यांचे इस्पितळ

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीपुढच्या व्याख्यानाला इमारत पाडण्याचा विषय म्हणजे जरा अपशकुनीच वाटेल. पण आम्ही सरकारी बांधकाम खात्यातली माणसे. इमारती उभ्या करण्याइतकाच त्या पाडण्याच्या कागदांशीही आमचा संबंध येतो. कार्यकारिणीने ‘तुमच्या कामातले काहीतरी सांगा’ असे म्हटले, तेव्हा शिकागोतल्या एका इस्पितळाची हकिकत सांगायचे आम्ही ठरवले. शिकागो आपल्याला अगदीच परके नाही. आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. शिवाय १९३३ साली शिकागोला भरलेल्या दुसऱ्या जागतिक धर्मपरिषदेत श्रीमंत सयाजीराव महाराज बोलले होते, हे बडोद्याच्या जुन्या घरांत अजून अभिमानाने सांगतात.

त्याच सुमारास शिकागोचाच एक विशीतला मुलगा बर्लिनमध्ये शिकत होता. त्याचे नाव बर्ट्रांड गोल्डबर्ग. शाळा होती ‘बाउहाउस’. इमारतीवर नक्षी नको, कामाला लागेल तेवढेच बांधा, ही तिची शिकवण. १९३३ मध्ये नाझींच्या दडपणाखाली ही शाळा बंद पडली आणि गोल्डबर्ग गावी परतला. जगभर या शिकवणीतून काचेच्या आणि काँक्रीटच्या सरळ पेट्या उभ्या राहिल्या. आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्याही दूरच्या नात्याने त्याच घराण्यातल्या. गोल्डबर्गने मात्र पुढे काटकोनाचाच नाद सोडला. शिकागो नदीकाठचे मक्याच्या कणसांसारखे दिसणारे दोन गोल मनोरे तुम्ही चित्रात किंवा सिनेमात पाहिले असतील. ती ‘मरिना सिटी’ त्याचीच.

आमचा विषय त्याची दुसरी इमारत, ‘प्रेंटिस वुमेन्स हॉस्पिटल’. बायकांचे आणि बाळंतपणाचे हे इस्पितळ नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या वैद्यकीय आवारात १९७५ साली सुरू झाले. खाली पाच मजल्यांची चौकोनी, काचेची बैठी बाजू, त्यात तपासणीचे विभाग. तिच्या डोक्यावर चार फुगीर पाकळ्यांचा काँक्रीटचा मनोरा, त्यात रोग्यांच्या खोल्या आणि भिंतीला लंबगोल खिडक्या. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे निव्वळ चमत्कारिक वाटते, आम्हालाही फोटो पाहून तसेच वाटले होते. नकाशा पाहिला तेव्हा मात्र त्यातली अक्कल कळली.

जुन्या इस्पितळाचा वॉर्ड आठवा. लांबलचक ओसरी, दोन्ही बाजूंना खाटा किंवा खोल्या आणि एका टोकाला सिस्टरचे टेबल. शेवटच्या खाटेवरची बाई कण्हली तर ऐकू येणार नाही, आणि सिस्टरची निम्मी पाळी चालण्यातच जाणार. गोल्डबर्गने ती ओसरीच काढून टाकली. मजला चार पाकळ्यांचा, प्रत्येक पाकळीत खोल्यांचा एक लहान घोळका, आणि परिचारिका त्या खोल्यांच्या मधोमध. कोणत्याही दारापर्यंत चार पावले. बाळंतिणीला आपण शंभर खाटांच्या कारखान्यात पडलो आहोत असे वाटू नये, आठ-दहा घरांच्या वाडीत आहोत असे वाटावे, हा त्यामागचा हेतू. आकार आधी सुचला आणि खाटा मागून कोंबल्या, असा प्रकार नव्हता.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. पाकळ्यांच्या मजल्यांवर मधे कुठेही खांब नव्हता, आणि पाकळ्यांच्या खाली जमिनीपर्यंत जाणारा खांबही नव्हता. मग वजन जायचे कुठे? घराचा छज्जा जसा भिंतीतून नुसता बाहेर येतो तशा या पाकळ्या मधल्या गाभ्यातून बाहेर आलेल्या होत्या. तळाशी काँक्रीटच्या मोठ्या कमानी होत्या, त्या बाहेरच्या कवचाचा भार गोळा करून गाभ्याकडे नेत. नारळाची करवंटी पातळ असूनही दाबाला टिकते ती तिच्या गोलाईमुळे. आपल्या कॉलेजचा चिझमने बांधलेला घुमट डोळ्यांपुढे आणा. भार कातडीनेच वाहायचा, ही युक्ती जुनीच आहे. गोल्डबर्गने ती जमिनीवरून उचलून हवेत टांगली. अशा कवचाचे हिशेब हाताने करणे जिकिरीचे, म्हणून त्याच्या कचेरीने त्यासाठी संगणक वापरला, आणि तो काळ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा! खिडक्या लंबगोल का, तेही आमच्यातला कोणताही मिस्त्री सांगेल. चौकोनी खिडकीच्या कोपऱ्यात ताण साठतो, आणि भिंतीची पहिली चीर तिथूनच निघते.

असे हे इस्पितळ बत्तीस वर्षे बाळंतपणासाठी चालले. २००७ मध्ये बायकांचा विभाग नव्या मोठ्या इमारतीत गेला. जुन्या इमारतीत मानसोपचाराचा विभाग राहिला होता, तोही २०११ मध्ये निघाला. विद्यापीठाला त्या जागेवर वैद्यकीय संशोधनाची इमारत हवी होती.

विद्यापीठाचे म्हणणे खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. प्रयोगशाळेला छताखाली हवेचे जाडजूड नळ लागतात, दोन मजल्यांमध्ये उंची लागते आणि मोठा सलग मजला लागतो. शेजारच्या संशोधन इमारतीला प्रत्येक मजल्यावर जोडूनही घ्यायचे होते. पाकळ्यांत यातले काहीच बसत नव्हते. खोल्यांसाठी केलेल्या मजल्याची उंची मागाहून वाढवता येत नाही.

पण वाचवू पाहणाऱ्यांचेही म्हणणे साधे होते. प्रयोगशाळा इथेच कशाला? समोरच मोठी मोकळी जागा पडून होती. ती विद्यापीठाची नव्हती, त्याच्याशी जोडलेल्या इस्पितळाची होती. इमारत डॉक्टरांच्या कचेऱ्यांना, तपासणीच्या खोल्यांना, वसतिगृहाला, कशालाही चालली असती. जीन गँग या शिकागोच्याच वास्तुविशारद बाईंनी तर जुनी इमारत तशीच ठेवून तिच्यावर नवा उंच मनोरा चढवण्याची कल्पना रेखाटून दाखवली. फ्रँक गेरीसह कितीतरी नामवंतांनी इमारत वाचवा म्हणून पत्रावर सह्या केल्या.

मग आला १ नोव्हेंबर २०१२. शहराच्या वारसा आयोगापुढे प्रकरण आले. त्याच्या थोडेच दिवस आधी महापौर राम इमॅन्युएल यांनी ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये लेख लिहून पाडण्याच्या बाजूने कौल दिला होता. आयोगाने इमारत पाहिली, तपासली आणि एकमताने ठरवले की ही वारसा ठरण्याच्या लायकीची आहे. तिला प्राथमिक दर्जा दिला. आणि त्याच बैठकीत, काही तासांत, संशोधन आणि रोजगार यांच्या फायद्याचा अहवाल समोर ठेवून तो दर्जा काढूनही घेतला!

मंडळी, आम्हाला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकते ते हे. इमारत टाकाऊ आहे असे आयोग म्हणाला असता तर वाद संपला असता. ती मोलाची आहे हे मान्य करून, पाण्याचा घोट घेण्याइतकी उसंत न ठेवता तिचा निकाल लावला. प्रकरण कोर्टात गेले, थोडे दिवस स्थगिती मिळाली, फेब्रुवारी २०१३ मध्ये आयोगाने पुन्हा सुनावणी घेतली आणि पुन्हा तेच ठरवले. वाचवणाऱ्यांनी दावा सोडला. २०१३ मध्ये पाडकाम सुरू झाले आणि २०१४ मध्ये पाकळ्या नाहीशा झाल्या. तिथे आता काचेची उंच संशोधन इमारत आहे, ती २०१९ मध्ये उघडली. तिथे उपयोगाचे काम चालते, त्याबद्दल तक्रार नाही.

हे शिकागोपुरते नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचे ‘हॉल ऑफ नेशन्स’ १९७२ सालचे. राज रेवल यांची रचना, महेंद्र राज यांचे गणित. काँक्रीटच्या दांड्यांची ती जाळी आमच्या पिढीने अभ्यासाच्या पुस्तकात पाहिलेली. साठ वर्षे पूर्ण नाहीत म्हणून तिला वारसा मानता येईना, आणि एप्रिल २०१७ मध्ये ती रातोरात पाडली. आपल्या शेजारी अहमदाबादेत लुई कान यांच्या विटांच्या वसतिगृहांवर २०२० च्या डिसेंबरात पाडण्याची वेळ आली. जगभरातून ओरड झाली तेव्हा निर्णय मागे घेतला, आणि २०२२ मध्ये पुन्हा तोच पुढे आला.

चाळीस-पन्नास वर्षांची इमारत म्हणजे घरातला मधला भाऊ. लक्ष्मीविलास पॅलेसला कोणी हात लावणार नाही, नव्या मॉललाही नाही. मधल्या काळातल्या काँक्रीटला मात्र कोणी वाली नाही. छप्पर गळते, पाणी मुरून सळई गंजते, पोपडे पडतात, एसी बसवायला जागा नसते. आणि दुरुस्तीचे अंदाजपत्रक मंजूर होण्यापेक्षा नव्या बांधकामाचे लवकर होते, हे आम्ही फायलींच्या बाजूने रोज पाहतो. इमारत ‘धोकादायक’ ठरायला एक शेरा पुरतो. तिच्यात काय चांगले होते हे लिहायला फॉर्मवर रकानाच नसतो.

गोल्डबर्गच्या बाबतीत एक बरे झाले. त्याची कागदपत्रे आणि नकाशे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवले आहेत. त्यामुळे प्रेंटिस कशी उभी होती हे उद्याच्या विद्यार्थ्याला कळेल. त्याच्या मरिना सिटीला २०१६ मध्ये शहराने वारसा दर्जा दिला, तेव्हा गोल्डबर्ग जाऊन अठरा वर्षे झाली होती.

आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकात बांधलेल्या एखाद्या दवाखान्याचा मूळ नकाशा मागा. बहुतेक वेळा वाळवीने खाल्लेला गठ्ठा मिळतो, कधी तोही मिळत नाही. पण या सभागृहात अशी घरे आहेत, ज्यांत आजोबा ओव्हरसियर होते, काका ड्राफ्ट्समन होते, कोणी कंत्राटदार होते. ट्रेसिंगच्या कापडावरचे निळसर नकाशे पत्र्याच्या नळीत गुंडाळून माळ्यावर ठेवलेले असतात. या दिवाळीत माळा साफ कराल तेव्हा ती नळी रद्दीवाल्याला देऊ नका, मंडळाच्या कचेरीत घेऊन या. रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही तिथे असतो. नकाशाचा फोटो काढून ठेवू आणि मूळ कागद तुमचा तुम्हाला परत देऊ.