कवी व्हिटमन : ग्रामशिक्षक आणि वृत्तपत्रकार



अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन (1819–1892) याचे नाव निघताच 1855 मध्ये प्रसिद्ध झालेला ‘लीव्हज ऑफ ग्रास’ हा त्याचा काव्यसंग्रह आठवतो. परंतु त्यापूर्वी तो खेड्यातील शिक्षक आणि वृत्तपत्राचा संपादक होता, हे फारसे कोणाच्या ध्यानी राहत नाही.

बाराव्या वर्षी तो छापखान्यात खिळे जुळवावयास शिकला. 1836 ते 1841 या काळात त्याने लाँग आयलंडवरील खेड्यांतून अधूनमधून शाळा चालविल्या. शिक्षकाने पाळीपाळीने विद्यार्थ्यांच्या घरी राहावयाचे, अशी तेथील रीत होती. त्यामुळे मुलांच्या घरची स्थिती त्याने जवळून पाहिली. 1838 मध्ये त्याने हंटिंग्टन गावी साप्ताहिक काढले. मजकूर लिहिण्यापासून घोड्यावरून अंक घरोघर पोहोचविण्यापर्यंत सारी कामे तो स्वतःच करी.

1841 मध्ये एका मासिकात त्याची शाळेविषयीची कथा आली. गरीब विधवेच्या अशक्त मुलावर फळे चोरल्याचा आळ येतो. वस्तुतः त्याच्या पिशवीत एका दयाळू शेतकऱ्याने गुपचूप दिलेला शिधा असतो. घरचे दारिद्र्य चारचौघांत उघडे पडू नये म्हणून मुलगा खरे सांगत नाही. पुढे तो बाकावर डोके टेकून पडलेला दिसतो. झोपला असे समजून मास्तर छडी उगारतात. मुलगा मात्र केव्हाच गतप्राण झालेला असतो.

1846 मध्ये व्हिटमन ‘ब्रुकलिन डेली ईगल’ या दैनिकाचा संपादक झाला. त्याने गावातील शाळांना भेटी दिल्या आणि मुलांना मारण्याच्या प्रघाताविरुद्ध सातत्याने लिहिले. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू देऊ नये, या मतापायी 1848 च्या आरंभी त्याला ती नोकरी गमवावी लागली.

आपल्या देशात 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली आहे. छडी कायद्याने खाली ठेवविली, हे योग्यच झाले. परंतु उत्तर न देणाऱ्या मुलाच्या मनात काय आहे, हे कायदा शोधू शकत नाही. त्यासाठी त्याच्या घरची वाट शिक्षकानेच चालली पाहिजे. व्हिटमनने ती चालली होती, म्हणूनच त्याच्या लेखणीला त्या मुलाचे मौन कळले.