घोड्याची कंडरा आणि मूळ पेशी

शर्यतीच्या घोड्याच्या पुढच्या पायात, गुडघ्याखाली,
मागच्या बाजूला एक जाड कंडरा असते.
भरधाव पळताना तिच्यावर मोठा ताण येतो,
आणि कधी कधी तिचा गाभा फाटतो.

जखम आपोआप भरते खरी;
पण तिथं व्रण राहतो.
तो कमी लवचीक.
म्हणून कंडरा पुन्हा फाटते.
नुसती जखम भरून चालत नाही,
लवचीकपणा परत यायला हवा.

२००३ मध्ये ब्रिटनमधल्या पशुवैद्यांनी त्यासाठी एक पद्धत मांडली.
घोड्याच्या छातीच्या हाडातून अस्थिमज्जा काढायची.
त्यातल्या मूळ पेशी,
म्हणजे स्टेम सेल,
प्रयोगशाळेत वाढवायच्या.
मग सोनोग्राफीत बघत,
सुईनं थेट फाटलेल्या जागी सोडायच्या.

यातल्या बऱ्याच पेशी टिकत नाहीत;
मात्र भोवतालच्या पेशींना दुरुस्तीचे संकेत देतात.

घोडा लगेच पळत नाही.
आधी नुसती चाल,
मग दुडकी.
लवचीकपणा सावकाश येतो;
मैदानावर परतायला वर्षभरही लागतं.