खेळण्यांतली शर्यतीची मोटार



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं वऱ्हाड-नागपुराकडे तान्हा पोळा भरतो. चाकांवर बसविलेला लांकडी बैल दोरीनें ओढीत मुलें घरोघर हिंडतात व बोजारा मिळवितात. हा बैल घडविणाऱ्या सुताराला बैलाच्या आकाराबद्दल कोणाची परवानगी काढावी लागत नाहीं. तो आकार सृष्टीचा आहे. परंतु त्याच घरांतील मुलाच्या हातीं आज दुसरेंहि एक खेळणें दिसतें. प्रथम ती शर्यतीची मोटार असते. दारें उघडलीं, छप्पर दुमडलें, पुढचा भाग छातीवर वळविला, कीं तिचा यंत्रमानव बनतो. शर्यतीचें वेड या मुलखास नवें नाहीं. तळेगांव दशासरचा शंकरपट सर्वांस ठाऊक आहे. पण बैलजोडीची गोष्ट निराळी आणि मोटारीची निराळी. मोटारीचा आकार कोणीतरी कागदावर आंखलेला असतो, व तिच्या अंगावरील नांवांना मालक असतात. मग ती खेळण्यांत उतरविण्याचा हक्क कोणाचा ?

या खेळण्यांचा उगम जपानांतला. ताकारा कंपनीनें १९८० सालीं ‘डायाक्लोन’ ही मालिका काढली. पुढें तींत खऱ्या मोटारींचीं रूपें धारण करणारे यंत्रमानव आले. १९८४ सालीं अमेरिकेंतील हॅस्ब्रो कंपनीनें ताकाराशीं करार करून तीं खेळणीं ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नांवानें विकावयास आणलीं. त्यांतील ‘मिराज’ हा फ्रान्सच्या लिजिए जेएस-११ या फॉर्म्युला वन मोटारीवरून घेतलेला, तर ‘व्हीलजॅक’ हा इटलीच्या लान्सिया स्ट्रॅटोसवरून.

‘प्रॉल’, ‘ब्ल्यूस्ट्रीक’ व ‘स्मोकस्क्रीन’ यांचें उदाहरण विशेष उद्बोधक आहे. किरकोळ फेरफार सोडले तर तिघांचा सांचा एकच, निस्सान फेअरलेडी झेड या मोटारीचा. पहिल्यास पोलिसी रंग दिला, दुसऱ्यास साधा, आणि तिसऱ्यास शर्यतीचे पट्टे व आंकडा. मुलांच्या लेखीं तीं तीन निराळीं पात्रें झालीं ! यावरून दिसून येईल कीं, मोटारीचा आकार ही एक मालमत्ता, आणि तिच्यावरील रंग व नांवें ही दुसरी.

लिजिएच्या खऱ्या मोटारीवर ‘जितान’ या सिगारेटचें नांव झळकत असे. खेळण्यावर मात्र त्या नांवांतील पहिल्या ‘जी’ या इंग्रजी अक्षराच्या जागीं ‘सी’ आलें. बाकी रंग व ऐट तीच राहिली. दुरून पाहणाऱ्या मुलास फरक कळूं नये, आणि जवळून पाहणाऱ्या वकिलास तो दिसावा, अशी ही तऱ्हा !

पुढें रीत बदलली. २००३ सालीं ताकारानें ‘बायनलटेक’ मालिका काढली, तेव्हां सुबारू इम्प्रेझासारख्या मोटारी त्यांच्या कारखानदारांच्या परवान्यानें, मूळच्या चोविसाव्या हिश्शाच्या मापांत बनविल्या. अशा परवान्यांत सामान्यतः खेळणेंवाला मोटारवाल्यास विक्रीवर मोबदला देतो व नमुना त्याच्याकडून मंजूर करवून घेतो. तो मोबदला अखेर किंमतींत मिसळतो, म्हणजे मुलाच्या वडिलांच्या खिशांतून जातो.

मोटारवाल्याचा हक्क सर्वत्र निर्विवाद आहे असें मात्र नव्हे. जर्मनींत ऑटेक कंपनीनें ओपेल अ‍ॅस्ट्राची लहान प्रतिकृति, पुढच्या जाळीवरील ओपेलच्या चिन्हासह विकली, तेव्हां ओपेलनें दावा लावला. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत जाऊन २००७ सालीं परत आलें, आणि २०१० सालीं जर्मनीच्या वरिष्ठ न्यायालयानें दावा फेटाळला. गिऱ्हाईक त्या चिन्हावरून खेळणें ओपेलनें केलें असें समजत नाहीं. तें मूळ मोटारीचें हुबेहूब रूप आहे एवढेंच तो जाणतो, असें त्याचें कारण होतें.

आपल्याकडे २००० सालच्या डिझाइन कायद्यान्वयें नव्या आकृतीची नोंदणी १० वर्षें टिकते व आणखी ५ वर्षें वाढवितां येते. पण ती वस्तूंच्या वर्गापुरती असते. मोटारींचा वर्ग १२ वा, तर खेळण्यांचा २१ वा. व्यापारचिन्हाची नोंदणी मात्र दर १० वर्षांनीं नवी करून कितीहि काळ चालवितां येते. म्हणून आकारापेक्षां नांवाची नक्कल अधिक अंगाशीं येण्याचा संभव.

अमरावती-अकोल्याच्या कारागिरानें यांतून काय घ्यावें ? परक्या नांवाचें एक अक्षर बदलून माल खपविण्यापेक्षां स्वतःची कल्पना नोंदविणें श्रेयस्कर. शंकरपटाचा छकडा दुमडून त्याचा यंत्रमानव झाला, तर परवाना कोणा परक्याकडे मागावा लागणार नाहीं. पण नोंदणी माल बाजारांत येण्यापूर्वीं करावी, कारण आधीं प्रसिद्ध झालेली आकृति कायदा नवी मानीत नाहीं. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें, नोंदणीस पात्र असूनहि न नोंदलेली आकृति मालकानें कारखान्यांत पन्नासांहून अधिक वेळां वस्तूंवर उतरविली, कीं तिच्यावरील कॉपीराइटहि संपतो.

गृहस्थानें तर दोन गोष्टी निरनिराळ्या पाहाव्या. परवान्याचें नांव ऐपतीचा प्रश्न आहे. मुलाची सुरक्षितता तसा प्रश्न नाहीं. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचें झालें, व त्यांतून सरकारदरबारीं नोंदलेल्या हस्तकारागिरांच्या खेळण्यांस सूट मिळाली. मोटारीवरील झळकणारें नांव वाचण्यापूर्वीं हें लहानसें चिन्ह शोधावें. मुलास नांवाचें अप्रूप थोडे दिवस राहतें. मोटारीचा माणूस आपल्या हातानें झाला, हा आनंद मात्र पुष्कळ दिवस पुरतो.