कशावरून?
(सुवर्णमहोत्सवानिमित्त विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात आम्ही बीजगणितावर बोलावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु आपण ज्या नगरीत नांदतो, ती श्रीनिवास रामानुजन यांची कर्मभूमी आहे. आणि या विषयात चेन्नई व पुणे यांचा ऋणानुबंधही जुना आहे. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी स्थापन झाली. तिचे ग्रंथालय पुण्यास, रँग्लर र. पु. परांजपे प्राचार्य असलेल्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. याच संस्थेच्या नियतकालिकात १९११ साली रामानुजन यांनी वाचकांस विचारले, की पुढील अखंड रचनेची किंमत किती?

√(१+२√(१+३√(१+४√(१+…))))

उत्तर कोणाकडून आले नाही. शेवटी त्यांनीच ते दिले. उत्तर आहे ३. त्याचे मूळ शालेय नित्यसमानतेत आहे:

(क्ष+२)² = १+(क्ष+१)(क्ष+३)

आता फ(क्ष) = क्ष(क्ष+२) हे फलन घ्या. क्ष धन असता फ(क्ष) = क्ष√(१+फ(क्ष+१)) असे मिळते. फ(१) म्हणजे ३. उजवीकडील फलनाच्या जागी हेच सूत्र पुनःपुन्हा घालीत गेलो, की रामानुजन यांची रचना उलगडत जाते.

मग काम संपले काय? थोडे थांबू या. ४ = √(१+२×७.५) हेही खरेच आहे. ७.५ चा वर्ग करून त्यातून १ वजा करावा व ३ ने भागावे, १८.४ च्या आसपासची संख्या येते. असेच पुढे गेल्यास तीच रचना ४ पासूनही उलगडते! मग खरे उत्तर कोणते?

येथे सिद्धतेची गरज भासते. रचना मध्येच तोडली, तर किमती १.७३, २.२४, २.५६, २.७६ अशा वाढत जातात. त्या ३ च्या पुढे कधीच जात नाहीत. ३ च्या साखळीत क या गुणकापाशी तोडताना क+२ ही संख्या गळते व तिच्या जागी १ येतो. तेथे पडणारा फरक फार तर क+२ पट असतो. बाहेर येताना प्रत्येक वर्गमूळ त्या पटीचेही वर्गमूळ घेते. म्हणून क वाढेल तशी ती पट १ कडे जाते. ४ च्या साखळीत मात्र गळणारी संख्या ७.५, १८.४, ८४.५, सुमारे १४२९ अशी भराभर फुगते. वर्गमूळांना ती आवरत नाही. म्हणून सीमा ३ हीच.

अशा रचनांना सीमा केव्हा असते, याची अचूक कसोटी पुढे टी. विजयराघवन यांनी दिली. १९५० साली याच शहरात स्थापन झालेल्या रामानुजन गणित संस्थेचे ते पहिले संचालक होत.

मित्रहो, ३ आणि ४ या दोहोंकडे नेणाऱ्या पायऱ्या दिसावयास सारख्याच होत्या. प्रवेशपरीक्षांच्या घाईत आपली मुले उत्तरापाशी थांबतात, आणि आपणही त्यांना गुणच विचारतो. पालकांस आमची एवढीच विनंती, की मुलाने उत्तर सांगितले म्हणजे त्याला प्रेमाने विचारावे, “कशावरून?” आणि तो सांगू लागला, की शेवटपर्यंत ऐकावे.